वेळसांगवीच्या भिंतींवरचा भूगोल

गाडी पाराजवळ लावलीत ते बरं झालं. पुढे गल्ली अरुंद आहे आणि इथल्या भिंतींवर ओरखडा गेलेला कुणाला खपत नाही. बघा ना, प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर गेरूनं काही ना काही लिहिलेलं आहे. या शिंप्यांच्या घरावर: 'पृथ्वी गोल आहे. तिच्या पाठीवर आपले गाव आहे.' त्याच्या शेजारी: 'आपली नदी डोंगरात उगम पावते व पूर्वेस जाते.' तिकडे कोपऱ्यावर: 'डोंगरामागे दुसरा डोंगर आहे. त्याच्यामागेही माणसे राहतात.' अशा चोवीस भिंती आहेत. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, ही सरकारी साक्षरतेची जाहिरात असावी. तसं नाही. हे एक पुस्तक आहे, लहान मुलांचं, भूगोलाचं. कागदावर त्याची एकही प्रत उरलेली नाही.

मी वत्सला देशमुख. ज्या घरानं हे पुस्तक जाळलं, त्या घरची मी सून. त्यामुळे माझ्या तोंडून ऐकताना काहींना अवघडल्यासारखं होतं. पण ही हकिगत पाहुण्यांना सांगायची ती देशमुखांच्या घरातल्या बाईनंच, असा इथला रिवाज आहे. मला माझ्या सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या दोन वर्षं आधीचं हे सगळं, असं सांगतात. तेव्हा गावात लिंबाजी जिनगर राहायचा. जिनगर म्हणजे मूळचे खोगीर शिवणारे. लिंबाजी मात्र पोथ्या आणि वह्या बांधायचा. पुण्याला राहून तो शिळाछाप शिकला आणि एक लाकडी यंत्र व बारा शिळा बैलगाडीत घालून गावी घेऊन आला. गुळगुळीत दगडावर चरबीच्या शाईनं उलटी अक्षरं काढायची, वरून रूळ फिरवायचा, कागद ठेवून दाबला की अक्षरं सुलटी उमटायची. वर्ष-दीड वर्षात पटकीची साथ आली आणि लिंबाजी गेला. लोकांना वाटलं, बायको यंत्र विकून माहेरी जाईल. साळूबाई गेली नाही. नवऱ्याच्या शेजारी बसून ती उलटं लिहायला शिकली होती, आणि म्हणे तिचा हात त्याच्यापेक्षा वळणदार होता.

छापखान्याच्या भिंतीला लागूनच शाळा होती. शाळेत भूगोलाचं एकच पुस्तक होतं, ते लांबच्या देशांचं. मुलं विलायतेतल्या नद्यांची नावं घडाघडा म्हणायची. आपल्या गावची नदी कुठून येते असं विचारलं की वर बघायची. साळूबाईला हे रोज भिंतीपलीकडून ऐकू यायचं. एक दिवस ती दाजी मास्तरांना म्हणाली, "मास्तर, पोरांना लंडनची वाट पाठ आहे. शेजारच्या गावाला कुठून जायचं ते ठाऊक नाही."

मास्तर म्हणाले, "छापलेलं असेल तेवढंच मी शिकवणार, बाई."

"मग मी छापते."

तिनं वर्षभर मुलांना बरोबर घेऊन गावाची शीव पायांनी मोजली. ओढे, टेकड्या, विहिरी, वाटा सगळं लिहून काढलं. मास्तरांनी भाषा तपासली. चोवीस पानांचं पुस्तक झालं, एका पानावर मोठ्या अक्षरात एक मजकूर आणि खाली चित्र. घड्या घालायला, शिवायला आणि नकाशे रंगवायला तिनं चार बायका हाताशी घेतल्या. पाण्याला नीळ, रस्त्याला गेरू. रंगवता रंगवता त्या अक्षरं ओळखायला लागल्या. बाईनं लिहिलेलं, बाईनं छापलेलं आणि बायकांनी रंगवलेलं पुस्तक मुलांच्या हातात पडलं, आणि महिन्याभरात अख्खी शाळा ते एका सुरात म्हणायला लागली.

अकराव्या पानावर होतं: 'गावाच्या उत्तरेस तळे आहे. ते गावाने खणले. त्याचे पाणी सर्वांचे आहे.'

त्या काळी गावचे देशमुख होते हैबतराव. त्यांना तळं आपल्या नावावर लावून घ्यायचं होतं. चैत्रात मोजणीचे साहेब यायचे होते आणि वतनाचे कागद देशमुखांनी तयार करून ठेवले होते. एका सकाळी घोड्यावरून शाळेपुढून जाताना चाळीस पोरांच्या तोंडून त्यांनी अकरावं पान ऐकलं.

त्यांनी साळूबाईला बोलावून घेतलं. "ते पान बदल," ते म्हणाले. "तळं देशमुखांचं आहे असं लिही. कागदाचे पैसे मी देतो."

साळूबाई म्हणाली, "सरकार, मी दगडावर अक्षरं उलटी काढते. मजकूर उलटा काढत नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी देशमुखांच्या गड्यांनी दाजी मास्तरांना चावडीसमोर आणलं, बाभळीच्या खांबाला बांधलं आणि मुलांच्या देखत मारलं. दर फटक्याला विचारायचे, तळं कुणाचं? मास्तर भित्रा माणूस होता. पहिल्या चार फटक्यांतच तो म्हणाला, देशमुखांचं. तरी मारत राहिले, कारण मागे उभी असलेली पोरं सवयीनं पुस्तकातलं पुढचं वाक्य म्हणत होती. मास्तरांच्या बरगड्या पोटात घुसल्या. तिसऱ्या दिवशी ते रक्त ओकून मेले.

साळूबाईनं तेराव्यापर्यंत यंत्र बंद ठेवलं. चौदाव्या दिवशी उघडलं आणि अकरावं पान पुन्हा छापायला घेतलं.

मग बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, देशमुख स्वतः आले. बरोबर वीस गडी होते. त्यांनी आधी घराघरांतून पुस्तकं ओढून आणली. कोष्ट्यांची नऊ वर्षांची एक मुलगी पुस्तक सोडीना. ती गड्याच्या मनगटाला चावली, तर त्यानं तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. तिचे पुढचे दात गेले आणि उजवा डोळा कायमचा गेला. सगळी पुस्तकं पारापुढे पेटवली. यंत्र कुऱ्हाडीनं फोडलं. शिळांवर घण घातले. एकच शिळा शाबूत राहिली, शाई ओली असलेली, अकराव्या पानाची.

देशमुखांनी विचारलं, "उलटं लिहिणारा हात कुठला?"

उत्तर साळूबाईच्या बोटांवरच्या शाईनं दिलं. दोघांनी तिला खाली दाबून धरलं, उजवा हात जोत्यावर पसरला आणि चौघांनी उचलून ती शिळा त्याच्यावर सोडली. एकदा नाही, तीनदा. पहिल्या वेळी ती ओरडली तो आवाज नदीपलीकडच्या शेतात ऐकू गेला म्हणतात. तिसऱ्या वेळी आवाज आला नाही. शिळा बाजूला केली तेव्हा तिथं हात असा राहिला नव्हता. मग ती शिळा बैलगाडीत घालून तळ्यात नेऊन टाकली.

आमच्या माडीच्या खिडकीतून हे सगळं एक बाई बघत होती. हैबतरावांची बायको, तुळजाबाई. तिच्याबद्दल पुढे सांगते.

हात तसाच सडायला लागला. वैद्यानं कोपरापासून कापायला सांगितलं, पण कापायला पुढे येण्याची कुणाची हिंमत झाली नाही. साळूबाई अकरा दिवस जगली. त्या अकरा दिवसांत तिनं ज्वराच्या भरात पडल्या पडल्या गावच्या बायकांना एकेक करून बोलावून घेतलं. मुलांना पुस्तक पाठ होतं. मूल शेजारी बसून म्हणायचं, साळूबाई डाव्या हातानं कोळशानं जमिनीवर अक्षरं काढायची आणि बाई ती गिरवायची. तिचा डावा हात वळणाचा नव्हता. अक्षरं वाकडी यायची, बायका तशीच वाकडी शिकायच्या.

कुणीतरी म्हणालं, "बाई, हे पण जाळतील."

ती म्हणाली, "कागदावर लिहू नका. घरावर लिहा. घरं जाळली तर सारा कुणाकडून घेतील?"

एकेक करून भिंती भरत गेल्या. शिंपी, कोष्टी, माळी, तेली, गावकुसाबाहेरची चार घरं. अकराव्या दिवशी साळूबाई मेली तेव्हा तेवीस भिंतींवर तेवीस पानं होती. तळ्याचं पान तेवढं नव्हतं. ते लिहून घ्यायला कुणीच पुढे आलं नव्हतं. त्याचा राग धरू नये. मास्तरांना सगळ्यांनी पाहिलं होतं.

आता तुळजाबाई. तिला सात वर्षांची मुलगी होती. त्या मुलीनं शाळेतून आणलेलं पुस्तक देशमुखांच्याच घरात होतं. गड्यांनी गाव झाडून काढलं, पण मालकाच्या घरात कोण शोधणार? मुलीबरोबर बसून त्या पुस्तकावरच तुळजाबाई गुपचूप अक्षरं शिकली होती. साळूबाईला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दरवाजाबाहेर आली, गेरू कालवला आणि वाड्याच्या भिंतीवर अकरावं पान लिहिलं. साळूबाई ज्या हातानं शिकवत होती त्याच, डाव्या हातानं.

हैबतरावांनी तिला चाबकानं मारलं आणि भिंतीवर चुना फासला. दुसऱ्या सकाळी तिनं पुन्हा लिहिलं. त्यांनी पुस्तक शोधून चुलीत घातलं आणि तिची दोन बोटं उखळात धरून मोडली. तिसऱ्या दिवशी मोजणीचे साहेब शेजारच्या गावी पोचल्याची खबर आली. त्या सकाळी ती पुन्हा भिंतीपुढे उभी होती.

देशमुख तलवार घेऊन बाहेर आले. पहिला घाव तिच्या डोक्यावर बसला, कान तुटून खांद्यावर लोंबला. ती खाली बसली आणि बसल्या बसल्या शेवटचा शब्द लिहायला लागली. एवढ्यात नदीवरून धुणं घेऊन येणाऱ्या बायकांनी ते पाहिलं. कोष्ट्याची बायको, त्या दात पडलेल्या मुलीची आई, धावत मध्ये आली. दुसरा घाव तिच्या मानेत बसला. ती तिथेच, आमच्या पायरीवर मेली.

त्यानंतर काय झालं ते गाव फारसं उलगडून सांगत नाही. बायकांनी दगड उचलले. गडी पुढे झाले नाहीत, कारण त्या बायकांत त्यांच्याही बायका होत्या. हैबतरावांचा जबडा फुटला, गुडघा फुटला. ते लंगडत तळ्याकडे पळाले. चैत्रात पाणी आत गेलेलं असतं आणि काठाला नुसता गाळ. पलीकडे जायला म्हणून ते गाळात उतरले आणि कमरेपर्यंत रुतले. साळूबाईची शिळा तिथेच पडली होती आणि त्यांचा पाय तिच्याखाली अडकला, असं म्हणतात. मी ते छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते छातीपर्यंत गेले, मग गळ्यापर्यंत. दोर मागत होते. काठावर अख्खं गाव उभं होतं, आणि दोर घराघरात होते.

तुळजाबाईला लोकांनी धरून काठावर आणलं होतं. माझ्या सासूबाई सांगायच्या, ती म्हणाली, "दोर टाका," पण कुणी हललं नाही. गावातले लोक सांगतात, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती काहीच बोलली नाही. दोन्ही मी तुमच्यापुढे ठेवते. मला कुठलं खरं वाटतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी साहेब आले. त्यांनी वतनाचे कागद पाहिले. मग वाड्याची भिंत पाहिली, भिंतीखालचं वाळलेलं रक्त पाहिलं, आणि तळं कुणाचं असं पोरांना विचारलं. पोरांनी अकरावं पान म्हणून दाखवलं. तळं गावाच्या नावावर लागलं. दोन वर्षांनी दुष्काळ आला तेव्हा आजूबाजूची सात गावं त्या पाण्यावर जगली. तरी एक गोष्ट लपवू नये. 'सर्वांचे' हा शब्द भिंतीवर होता, पण गावकुसाबाहेरच्या माणसांना त्या घाटावर घागर बुडवता यायला पुढे साठ वर्षं गेली, आणि तेव्हाही डोकी फुटली.

तुळजाबाई पुढे तीस वर्षं जगली. एका कानानं ऐकू येत नसे. गावातल्या मुलींना तीच शिकवायची. त्या आंधळ्या डोळ्याच्या मुलीला तिनं आपल्या घरी ठेवून घेतलं, पण ती मुलगी तिच्याशी कधी एक शब्द बोलली नाही म्हणतात.

आजही चैत्रात, कोष्ट्याची बायको ज्या दिवशी मेली त्या तिथीला, सगळ्या भिंतींना नवा चुना लागतो आणि घरातली बाई डाव्या हातानं आपापलं पान पुन्हा लिहिते. म्हणून ही अक्षरं वाकडी दिसतात. पुरुष गेरूला हात लावत नाहीत. आमच्या घराला मात्र स्वतःचा गेरू चालत नाही. देशमुखांच्या सुनेनं रिकामी वाटी घेऊन तेवीस दारी जायचं, अनवाणी, आणि विचारायचं, "यंदा लिहू का?" त्या घरच्या बाईनं चिमूटभर गेरू वाटीत टाकला तर होकार. एका जरी घरानं नाही म्हटलं, तर त्या वर्षी आमची भिंत कोरी राहायची.

पहिलं दार कोष्ट्यांचं. बेचाळीस वर्षं मी तिथं जाते आहे. आजवर त्यांनी नाही म्हटलेलं नाही. पण हो म्हणायच्या आधी त्या घरची बाई थोडा वेळ नुसती माझ्याकडे बघत उभी राहते, आणि तो वेळ किती असावा हे तिनं ठरवायचं असतं.