फुकटचा पास

“फुकटचा पास खिशात आहे, एवढ्यावरून मी विकला गेलो का, सर?”

विचारत होते हिराम वेदरबी. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतले, ओहायो राज्यातले नावाजलेले वकील, वर आमदार. आणि ज्यांना विचारलं, ते त्यांचे गुरू, म्हातारे टिल्सन. त्या काळी तिथे बहुतेक जण कायदा शिकायचे ते एखाद्या जुन्या वकिलाच्या कचेरीत राबून. हिरामनी याच कचेरीत चार वर्षं दस्तांच्या नकला उतरवल्या होत्या.

टिल्सन डुगडुगत्या टेबलावर लिहीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“परवा मतदान आहे. रेल्वे कंपनीला रुळांलगत कुंपण घालायला लावायचं की नाही, यावर. पास त्याच कंपनीचा. तसा सगळ्याच आमदारांना देतात म्हणा...”

“मग?”

“कंपनीच्या बाजूनं मत दिलं, तर लोक म्हणणार, मिंधा झाला. म्हणून मी विरोधात देणार! वेदरबी कुणाच्या खिशात नाही, हे दिसू दे एकदा.”

“म्हणजे तरीही मत तू नाही, पासच देणार.”

हिरामनी खुर्ची ओढून बसकण मारली. महिनाभर झोप उडाली होती बिचाऱ्याची, आणि हे एवढं साधं...

“कुंपण हवं की नको?” टिल्सननी विचारलं.

“शेतकरी म्हणतात, गाडीखाली गुरं मरतात. कंपनी म्हणते, ज्याची गुरं त्यानं राखावी. आणि मी...”

आमदारसाहेबांना भाषण तोंडपाठ होतं, पण कुंपणाचा विचार करायचाच राहून गेला होता.

“मला माहीत नाही, सर.”

टिल्सननी हात पुढे केला.

हिरामनी जरा वेळ लावला, पण पास दिला. म्हाताऱ्यानं वाकून त्याची घडी केली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल हलवून पाहिलं. पुन्हा लिहू लागले.

हिरामना हसू आवरेना. छातीवरचं ओझं उतरलं होतं. शिकाऊ पोरगा असताना वाटायचं तसं हलकं वाटत होतं.

दाराशी जाऊन ते वळले.

“राजधानी इथून वीस मैल. आता तिकीट काढूनच जातो.”

“कशाला?” टिल्सन म्हणाले. “मतदान परवा आहे ना? रुळांच्या कडेनं चालत जा. गाई आडव्या आल्या, तर हाकल.”