अस्वलाचे जागरण

बालमित्रांनो, दूर उत्तरेला, जिथे निम्मे वर्ष बर्फच बर्फ असतो, अशा एका भूर्जवृक्षांच्या अरण्यात एक अस्वल राज्य करीत असे. अरण्य एवढे अफाट, की एका टोकाच्या पाखरांची न्याहारी होईपर्यंत दुसऱ्या टोकाची पाखरे घरट्यात परतलेली असत. अस्वल मनाने वाईट नव्हते. जरा हेकट आणि हलक्या कानाचे होते, इतकेच. तिथे एक जुनी रीत होती. पहिला बर्फ पडला की सगळे प्राणी मिळून राजाच्या गुहेत वाळलेली पाने अंथरत, राजा झोपी जाई आणि वसंतापर्यंत जो तो आपापले बघे. खरे सांगायचे तर ते महिने सगळ्यांनाच फार सुखाचे जात.

फक्त राजाचा सल्लागार कोल्हा त्या महिन्यांना कंटाळे. राजा जागा असला की त्याला मान, आणि राजाच्या पानातले उरलेसुरलेही त्याचेच. राजा झोपला की त्याला काळे कुत्रेही विचारीत नसे. त्या वर्षी पाने अंथरून झाली, अस्वलाने पहिली जांभई दिली, तोच कोल्हा त्याच्या कानाशी लागला. "महाराज, नदीपलीकडची अस्वलीण यंदा झोपणार नाही म्हणे. नदी गोठली की ती सरळ चालत इकडे येईल. तुम्ही झोपा खुशाल, पण उठाल तेव्हा अरण्य असेल का, ते मात्र मला विचारू नका." झाले! अस्वलाची झोप उडाली, आणि ते नदीकाठी पहाऱ्याला जाऊन बसले.

आता झोपलेल्या अस्वलाला खायला लागत नाही, पण जाग्या अस्वलाला सारखे लागते. आधी मधमाश्यांचा मध संपला, मग सशांची कंदमुळे, मग खारीने फांद्यांवर वाळत घातलेली अळंबी. तिने ढोलीत साठवलेल्या चिलगोज्याच्या बियाही कमी कमी होऊ लागल्या. कोणी कुरकुर केली की कोल्हा डोळे बारीक करून विचारी, पलीकडे तुझे कोणी नातेवाईक आहेत का? मग तो प्राणी गप्प बसे आणि एक दिवस जरा वरच्या अंगाने गोठलेली नदी ओलांडून निघून जाई. राजाची नजर येणाऱ्यांवर होती. त्याचीच प्रजा चालली होती, ते त्याला दिसेना.

ढोलीत मूठभर चिलगोजे उरले आणि पिल्ले भुकेने रडू लागली, तेव्हा खार राजापुढे येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "महाराज, हे शेवटचे. हवे तर घ्या, पण एकदा पलीकडे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून या." कोल्हा लगेच खेकसला की ही हेर आहे, हिचे ऐकू नका. पण अस्वल दमले होते, आणि दमलेला राजा कधी कधी शहाण्यासारखे वागतो. चिलगोज्यांना हात न लावता ते नदी ओलांडून गेले. पलीकडच्या गुहेत अस्वलीण पिल्लांना कुशीत घेऊन गाढ झोपली होती. त्यांचे संथ घोरणे ऐकता ऐकता अस्वलालाच जांभया येऊ लागल्या. ते परत आले, कोल्ह्याला ओलांडून सरळ गुहेत शिरले आणि आडवे झाले.

राजा झोपला हे कळताच पलीकडे गेलेले प्राणी एकेक करून घरी परतले. येताना तिकडच्या शेजाऱ्यांनी दिलेला खाऊही त्यांनी आणला. त्यातला वाटा खारीच्या पिल्लांना मिळाला आणि हिवाळा कसाबसा पण हसतखेळत पार पडला.

वसंतात अस्वल जागे झाले ते धावतच नदीकाठी गेले. कोल्ह्याचे बोलणे अजून त्याच्या कानात घोळत होतेच. झाडावर खार दिसताच त्याने काळजीने विचारले, "आपले अरण्य कोणी घेतले तर नाही ना?"

खार म्हणाली, "अरण्य कोण नेणार, महाराज? ते जिथल्या तिथे आहे. आमचे खाणे तेवढे गेले, आणि ते नदीपलीकडून येऊन कोणी नेले नव्हते."

तात्पर्य : शेजाऱ्याच्या खोट्या भीतीने जो राजा जागत बसतो, तो शेवटी आपल्याच प्रजेच्या तोंडचा घास काढून घेतो.