जन्मभर पुरणारी टिप
निवृत्त विज्ञानशिक्षिका इंदुमती हेर्लेकरांनी हौसेने घरी धातू कातायचा छोटा लेथ बसवला होता. त्याच्या हत्याराला लावायच्या स्वस्तातल्या कार्बाइड टिपांनी, म्हणजे कापणाऱ्या टोकांनी, त्यांच्या दोन कामांची वाट लावली, म्हणून त्या हत्यारांच्या मोठ्या दुकानात आल्या.

दुकानमालक कोठावळेशेठनी चार गिऱ्हाइकांदेखत सोनेरी टिपांची डबी पुढे सारली. "बाई, तुम्हाला यातलं काय कळणार? यातली एक टिप जन्मभर पुरेल. झिजायचं नावच नाही."

बाईंनी डबी उघडून टिपा मोजल्या. दहा भरल्या.

"शेठ, पुढचे नऊ जन्मही मी लेथच चालवणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

गिऱ्हाइकं हसली. शेठनी कारखानेवाल्यांसाठी ठेवलेली डबी खालच्या खणातून काढली.

"ही मात्र झिजते," ते पुटपुटले.

"मग हीच द्या," बाई म्हणाल्या.