बोंबीलचोर

ज्या काळी किनाऱ्यावरच्या होड्या मांजरांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. धाकलीबाई कोळणीनं काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांतला एक बोंबील रोज नाहीसा होई. सून वनिता विचारी, "आये, आजपन एक कमी कसा?" म्हातारी मान न उचलता म्हणे, "त्या बोक्यानंच खाल्ला असंल." मग वनिता झाडू घेऊन गबरू बोक्याच्या मागे लागे.

गबरूनं आयुष्यात पुष्कळ चोऱ्या केल्या होत्या. पण ही त्याची नव्हती, आणि न केलेल्या चोरीचा मार त्याला फार झोंबे. खरा चोर पकडायचाच म्हणून तो एका दुपारी वाळूत ओढून ठेवलेल्या जुन्या होडीत दबा धरून बसला.

आली ती धाकलीबाईच. पदराखालचा बोंबील तिनं होडीच्या पुढच्या टोकावर ठेवला, तिथल्या फळीवरून हात फिरवला आणि निघून गेली.

"हा काय प्रकार?" गबरूनं विचारलं.

होडी म्हणाली, "तिचा नवरा दर्यावरून परतला की जाळ्यातला पहिला मासा माझा. 'खा गं बाय' म्हणून इथं ठेवायचा. तो गेला, मी वाळूत आले, पण तिनं रीत मोडली नाही. सून हसेल म्हणून लपवते. मासा कावळे नेतात."

गबरू होडीच्या पुढच्या टोकावर चढला. मग त्यानं तो बोंबील खाल्ला, मिशा न पुसता वनितेसमोर जाऊन बसला, आणि तिनं झाडू उगारल्यावर एक फटका बसेल इतक्या सावकाश पळाला.