कागद कुरतडेपर्यंत

“मग नफा गेला कुठे, बुवा?”

राधानगरीच्या वरच्या अंगाला नारोबांची मठी आहे. तिथं मधमाश्यांच्या पेट्या जास्त आणि शिष्य कमी. पंपांचे कारखानदार विलासराव इंगवले दिवस मावळताना आले आणि बसायच्या आधीच त्यांनी हा प्रश्न टाकला.

“कुठला नफा?”

“समोरच्या सोनटक्क्यांचा कारखाना विकत घेतला, सहा महिने झाले. त्यांचा बरा चालला होता, माझाही चालला होता. एक केले, तर आता दोन्ही मिळून माझ्या एकट्याएवढंही सुटत नाही. दुधात साखर पडायची, तर दूधच नासलं.”

नारोबा एका पेटीचं झाकण काढत होते.

“हिची राणी मेली. ह्या माश्या त्या पेटीत मिसळायच्यात. रद्दीतला एक पेपर दे.”

इंगवल्यांनी वरचा उचलला आणि थबकले. पहिल्या पानावर तेच होते, सोनटक्क्यांच्या दारात फीत कापताना.

“ह्यात माझा फोटो आहे.”

“असू दे. कागद चांगला आहे.”

बुवांनी फोटोला सुईनं चार भोकं पाडली. कागद खालच्या पेटीवर अंथरला आणि त्यावर दुसरी पेटी ठेवली.

“मधे कागद कशाला? सरळ ओतायच्या की.”

“परका वास आला की मारून टाकतात एकमेकींना. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो. तू काय केलंस?”

“पहिल्याच दिवशी त्यांची पाटी उतरवली. माणसं माझ्या शेडमध्ये आणली. जेवणाची सुट्टी निम्मी केली.”

“ती का?”

इंगवले आता कुठे खाली बसले.

“सोनटक्के कामगारांच्या पंगतीला बसायचे. एकमेकांच्या डब्यातलं खायचे. त्यांचं हसणं रस्ता ओलांडून माझ्या केबिनमध्ये यायचं. वीस वर्षं मी तिथं एकटा जेवलो, बुवा. जळफळाट व्हायचा नुसता. घास गिळवत नव्हता.”

“आता हसतात?”

“नाही. निम्मे फिटर सोडून गेले. सोनटक्क्यांनी गावाबाहेर पत्र्याची शेड घातलीय, तिकडं. दुपारची पंगत परत सुरू झालीय म्हणे. उद्या ती शेडही विकत मागायला निघालोय... मागू का?”

नारोबांनी पेटीला कान लावला. आत बारीक कुरतडणं सुरू झालं होतं.

“सोनटक्क्यांनी तुला कधी जेवायला बोलावलं नाही?”

“बोलावलं. दर शनिवारी माणूस पाठवायचे...”

“मग?”

“मी गेलो नाही.”

बुवा धोतराला हात पुसत उठले.

“उद्या जाताना डबा घेऊन जा.”