झाडूवालीच्या अंगणातली हिरवळ

मुरमाड डोंगराच्या पायथ्याशी, जिथे वाटा तांबड्या, भिंती तांबड्या आणि पोरांचे गुडघेही कायम तांबडेच, अशा एका इवल्याशा गावात हौसा राहत होती. तिची आई शिंदीच्या पात्यांचे झाडू बांधून विकायची. दोन वेळची भाकरी कशीबशी निघे, पण अंगण मात्र असं लख्ख, की मुंगीलाही पाय पुसून यावंसं वाटावं. झाडूवालीचंच अंगण घाण असेल, तर तिचे झाडू घेणार कोण?

हौसाचा धाकटा भाऊ सोपू तीन वर्षांचा होता. मोठ्या तापातून उठल्यापासून त्याचे चिमुकले पाय लटपटत. वैद्यबुवांनी बजावलं होतं, याला रोज मऊ गवतावर अनवाणी उभं करा. थंडी पडायच्या आत पायांत बळ आलं तर आलं, नाहीतर पोर जन्मभर रांगत राहील. सांगायला काय जातंय? त्या गावात गवत होतं कुठे? अंगणात पाय टेकला की खडे टोचत, सोपू पडे, रडे. आता तर तो उभं राहायचं नावच काढत नव्हता. शहरात म्हणे हिरवळीचे तयार गालिचे विकत मिळत. त्यांचा भाव ऐकूनच आईने तो नाद सोडला होता.

हौसा गप्प बसणारी नव्हती. मी करते हिरवळ, असं तिने सांगून टाकलं. कशी, ते तिला ठाऊक नव्हतं, पण ठरलं म्हणजे ठरलं.

एका सोनेरी सकाळी ती शिंदीची पाती आणायला रानात गेली. काट्यांमध्ये काहीतरी हिरवं हिरवं लुकलुकत होतं. काजवा म्हणावा, तर भर उन्हात काजवा कुठला? वाकून बघते तो काय, बोटाएवढी परी! पोपटी झगा, दवाच्या थेंबांचा मुकुट, आणि झिरझिरीत पंख काट्यांत अडकलेले. हौसाने एकेक काटा अलगद बाजूला केला. तिची बोटं रक्ताळली, पण पंखाची कड तिने फाटू दिली नाही.

"मी हरळपरी," ती नाजूक आवाजात म्हणाली. "तुला तीन इच्छा देते, हौसे. पण माझे नियम आहेत हं. तळहातावर मावेल तेवढंच मागायचं. उगवलेलं गवत मागायचं नाही, ते ज्याचं त्याने वाढवायचं. आणि हिरवळ पायाला मऊ लागेपर्यंत अंगणाला झाडू लागता कामा नये. झाडू लागला, की एक इच्छा उडाली."

हौसाने तिथल्या तिथे मूठभर बी मागितलं. रव्याएवढे चमचमते दाणे तिच्या ओंजळीत उतरले. ते कसे पेरायचे, तेही परीने समजावून सांगितलं.

मग काय, हौसाने पदरमोड न करता कामाला सुरुवात केली. दारापुढचा दोन बाजांएवढा तुकडा खणला, खडे वेचले. शेजारचा गोठा झाडून दिला आणि त्या बदल्यात जुनं शेणखत आणलं, ते फुटक्या चाळणीने चाळून मातीत मिसळलं. मूठभर बी सगळीकडे पुरावं म्हणून ते ओढ्याच्या वाळूत कालवलं आणि आधी उभं, मग आडवं फेकलं. वर मातीचा पातळ थर, त्यावर वाळला पाचोळा. पाणी ओतलं नाही, हाताने शिंपडलं. संध्याकाळी ती दमून, पण राणीसारख्या ऐटीत झोपली.

आणि सकाळी उठून, डोळे चोळत चोळत, तिने सगळं अंगण झाडून काढलं!

सवय हो, दुसरं काय. बी, पाचोळा, माती, सगळं कुंपणाशी ढीग होऊन पडलं, तेव्हा कुठे तिचे डोळे उघडले. एक हिरवी ठिणगी भुर्रकन उडाली. उरलेल्या दोनातली एक इच्छा गेली. हौसा ढसाढसा रडली. मग नाक पुसून तिने सूप आणलं, तो ढीग पाखडला, दाणा दाणा वेचला आणि पुन्हा पेरला. उरलेली इच्छा तिने राखून ठेवली.

तेव्हापासून त्या अंगणात झाडू फिरला नाही. गावाला हसायला तेवढंच पुरलं. समोरची बांगड्या विकणारी शेवंतामावशी सगळ्यांत जास्त हसली. झाडूवालीच्या दारात उकिरडा, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आई म्हणायची, हसू देत, हसण्याने बी मरत नाही.

नवव्या दिवशी पाचोळ्याखालून कोवळे पोपटी कोंब डोकावले. पण निम्माच तुकडा हिरवा झाला. उरलेल्या बियांवर मुंग्यांनी ताव मारला होता. सकाळचा वारा गार व्हायला लागला होता, सोपू अजून रांगतच होता. आता शेवटची इच्छा मागायची आणि आणखी बी पेरायचं, असं हौसाने ठरवलं. तिने ओंजळ पसरली.

तेवढ्यात शेवंतामावशी धावत आली. तिच्या लहानग्या गजीला विंचू चावला होता, वैद्यबुवा परगावी होते, आणि पोर काळीनिळी पडत होती. मावशीने उंबऱ्यात पदर पसरला.

हौसाने सोपूकडे पाहिलं.  मग डोळे मिटून ती म्हणाली, "हरळपरी, विंचू उतरवणारी मुळी दे."

बोटभर मुळी तिच्या तळहातावर आली. ती उगाळून लावली, आणि दुपारपर्यंत गजी बांगड्यांशी खेळू लागली.  शेवंतामावशीने हौसाला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी, कोवळ्या उन्हात हौसा पाणी शिंपडत असताना हरळपरी आली.

"आता माझ्याकडे इच्छा उरली नाही," हौसा म्हणाली. "पण हरकत नाही. निम्मं उगवलंय, निम्मं मी उगवून आणीन."

"आणशीलच तू," परी हसली. "पण ही इच्छा नाही, ही माझी खुशी."

ती अनवाणी गवतावरून चालत निघाली. तिचं पाऊल पडेल तिथून हरळीचे इवले इवले धुमारे सरसर पसरले, माती धरत, पानं फोडत, पार कुंपणापर्यंत. सगळा तुकडा हिरवागार, मऊमऊ, दवाने लखलखता झाला. मग परीभोवती हिरव्यासोनेरी उजेडाचा एक गोळा फुलला आणि गवतावरून हळूहळू तरंगू लागला.

सोपूने तो पाहिला. त्याला तो हवाच होता. रांगून हात पोचेना, तसे त्याने दोन्ही तळवे गवतावर रोवले, ढुंगण वर केलं आणि उठला. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला धपकन पडला. हौसा धावली, तिने हात पुढे केला. पण सोपू रडला नाही. गवत टोचलंच नव्हतं. तो आपला आपण उठला आणि उजेडामागे चालू लागला.

उजेड लुकलुकला आणि विरून गेला. सोपू चालतच राहिला. हौसाने पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.