समुद्रापार गेलेली माती

फार फार वर्षांपूर्वी डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथल्या माणसांना एक वेळ भाकरी नसली तरी चालायचं, पण संध्याकाळी हुतूतू हवाच. चाळीस गावं आणि चाळीस मैदानं. हा खेळ तेव्हा जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

जमीन मात्र सगळी कातळाची. पकडीत सापडलेला गडी तिच्यावर आपटला, तर हाडच मोडायचं. म्हणून एक रीत होती. उन्हाळ्यात तळं आटलं की प्रत्येक घराने तिथली टोपलीभर माती आणायची, चाळायची आणि मैदानात पसरायची. ज्याच्या घरची टोपली आली नाही त्याला खेळता येत नसे, मग तो पाटलाचा मुलगा का असेना!

एका वर्षी पाऊस असा कोसळला की वीस मैदानांची माती वाहून गेली. टोपल्यांनी भागण्यासारखं नव्हतं. तेव्हा एका गावचा वस्ताद राजाकडे गाड्या मागायला गेला. दरबारात त्याच्याआधी एक सरदार बोलत होता.

“महाराज, समुद्रापार नऊ राज्यं आहेत. मला गडी द्या, गाड्या द्या. आपला खेळ तिथे नेतो. जगभर आपलं नाव होईल.”

वस्ताद पुढे झाला. “महाराज, खेळ जरूर न्यावा. चांगलीच गोष्ट हाय. पर आधी गाड्या मैदानांस्नी द्या. गावात गडी तयार झालं न्हाईत, तर सरदारसाहेब उद्या नेणार कुणाला?”

सरदार हसला. “विहिरीतल्या बेडकाला समुद्र कसा कळावा?”

सगळा दरबार हसला. राजाही हसला आणि गाड्या सरदाराला मिळाल्या. वस्तादाला राग आला. तो रिकाम्या हाताने गावी परतला.

समुद्रापारच्या राज्यांत मैदानं होती, पण फरसबंदी. पहिल्याच डावात दोन गड्यांचे खांदे निखळले. सरदाराने निरोप धाडला, ‘इथे माती नाही. आपल्या गावांतली पाठवा.’ राजाच्या गाड्या गावोगाव फिरल्या आणि उरलीसुरली मातीही खरवडून घेऊन गेल्या. आणि लोकांचं शहाणपण बघा! आपली माती समुद्रापार निघाली म्हणून त्यांनी त्या गाड्यांना हार घातले.

आठवड्याभरात वस्तादाच्या गावात उघड्या कातळावर खेळताना एका लहान मुलीचा हात मोडला. आयांनी मुलांना घरात ओढलं. वर्षभरात मैदानावर शेळ्या बसू लागल्या.

उन्हाळा आला, तळं आटलं, तसा वस्ताद टोपली घेऊन निघाला. तळं अर्ध्या कोसावर होतं. दिवसाला दहा खेपा व्हायच्या. गुडघे दुखायचे, पण खेपा काही चुकायच्या नाहीत.

शेजारी म्हणाला, “वस्ताद, या वयात हा उद्योग कशापायी? पोरं तरी कुठं येत्यात खेळायला?”

“माती न्हाई म्हणून येत न्हाईत. माती आली की येतील. सर बाजूला, वाट सोड.”

दोन उन्हाळे तो एकटाच राबला. लोक त्याला खुळ्यात काढायचे. तिसऱ्या उन्हाळ्यात एक बाई टोपली घेऊन आली. हात मोडलेल्या मुलीची ती आई. “लेक ऐकत न्हाई, वस्ताद. तिला खेळायचंच हाय,” ती म्हणाली. मग दुसऱ्या घरची टोपली आली, तिसऱ्या घरची आली. पाचव्या वर्षी मैदान भरलं.

दहाव्या वर्षी समुद्रापारच्या एका राज्याचा संघ पाहुणा म्हणून आला. त्यांचा नायक म्हणाला, “महाराज, खेळ जिथे जन्मला, त्या मैदानात आम्हाला खेळायचंय.”

राजा त्यांना घेऊन निघाला; समुद्रापारहून परतलेला सरदारही सोबत होता. पहिल्या गावी मैदानात कडब्याची गंज होती. दुसऱ्या गावी नुसता कातळ. सरदाराचे जुने गडी आता थकले होते, आणि नवे सात कोणत्याच गावात मिळेनात. सरदाराची मान खाली गेली. शेवटी सगळे वस्तादाच्या गावी आले. तिथे माती मऊ होती आणि सात गडी लंगोट कसून तयार होते. त्यांच्यात कासोटा मारलेली ती मुलगीही होती.

डाव अटीतटीचा झाला. गाव एका गुणाने हरलं.

पाहुण्या नायकाने हातात माती घेतली. “आमच्याकडेही दर उन्हाळ्यात घरटी एक टोपली पडते. तुमच्याच गड्यांनी शिकवलं. मग तुमच्या बाकीच्या गावांनी ते का सोडलं?”

राजा वस्तादाकडे वळून म्हणाला, “आज आपण हरलो.”

“व्हय महाराज, हरलो,” वस्ताद म्हणाला. “पर निदान खेळून हरलो. बाकीच्या गावांस्नी हरता बी आलं नसतं.”

राजाला ते झोंबलं. त्याने तिथेच शेला उतरवला आणि टोपली मागितली. त्या उन्हाळ्यात राजाच्या सगळ्या गाड्या गावोगावच्या मैदानांवर लागल्या आणि पहिल्या गाडीत माती भरायला सरदार उभा राहिला. चाळीसही मैदानं भरली, तेव्हाच गडी पुन्हा समुद्रापार निघाले.

म्हणून मंडळी, ध्यानात ठेवा: वेल दूरवर न्यायचा असेल, तर आधी त्याच्या मुळाला पाणी घालावं.